कागदावर पास, बंदरात नापास

माझे माहेर निफाड तालुक्यातले. वडिलांनी ऊस मोडून द्राक्ष लावले आणि त्यांच्यामागे ती दोन एकरांची बाग माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सांभाळली. लग्नानंतर मी नाशिकला आले. एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. शेतीशास्त्र किंवा अर्थशास्त्र मी रीतसर शिकलेले नाही. पण २०१० च्या उन्हाळ्यात दादाने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधायला म्हणून मी वाचायला, विचारायला आणि वह्या भरायला लागले, आणि ते अजून थांबलेले नाही.

त्या हंगामात दादाचा माल पहिल्यांदाच युरोपला गेला होता. मार्चमध्ये तोडणी झाली, पेट्या भरल्या, निर्यातदाराने थोडी उचल दिली. बाकीचे पैसे माल विकल्यावर मिळायचे होते. महिन्याभराने निरोप आला की माल तिकडे अडकला आहे, उरलेल्या पैशांचे काही खरे नाही. वहिनीचे दागिने आधीच गहाण होते. दादा प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘अगं, तुला कागद वाचता येतात. यावर पास लिहिलंय. मग नापास केलं कुणी?’’

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र नाशिक, पुणे, दिल्ली, रॉटरडॅम आणि जर्मनीतली दुकाने अशा अनेक ठिकाणी विखुरलेले निघाले. शेतमालाच्या प्रवासाला आपण ‘पुरवठा साखळी’ म्हणतो. एका कडीला दुसरी कडी, दुसरीला तिसरी असे चित्र त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. मला जे दिसले ते साखळीसारखे नव्हते, जाळ्यासारखे होते. दादाच्या बागेशी कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, खासगी द्राक्ष सल्लागार, निर्यातदार, पॅकहाऊस, प्रयोगशाळा, अपेडा, प्रमाणपत्र देणारी संस्था, तिकडचा आयातदार आणि सुपरमार्केट हे सगळे जोडलेले होते. यांतले बरेच जण एकमेकांशीही जोडलेले होते, पण दादाला त्यांतले दोघे-तिघेच माहीत होते. शेती टिकाऊ होईल की नाही, औषधे जपून वापरली जातील की नाही, पाणी उरेल की नाही, मजुराला न्याय मिळेल की नाही, हे या जाळ्याच्या विणीवर कसे ठरते, ते या लेखात सांगायचे आहे.

यादीत नसलेले औषध

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. एप्रिल छाटणीनंतर वेल नुसती वाढत सुटली तर काडीत घड धरत नाही. म्हणून वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे संजीवक फवारण्याची पद्धत होती. आमच्याकडे त्याला सगळे ‘सीसीसी’ म्हणतात. दादानेही २००९ च्या उन्हाळ्यात ते फवारले होते, सल्लागाराने सांगितले म्हणून, आणि शेजारचे सगळेच फवारत होते म्हणून.

फवारणी आणि तोडणी यांत जवळजवळ दहा महिने गेले. एवढ्या काळात औषध निघून जाईल असे कुणालाही वाटेल. पण सीसीसीचा अंश वेलीच्या लाकडात राहतो आणि पुढच्या हंगामात फळात उतरू शकतो. युरोपीय संघाने द्राक्षासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठेवली होती. म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. युरोपीय देशांच्या वेगवेगळ्या मर्यादा जाऊन संपूर्ण संघासाठी एकच नियम सप्टेंबर २००८ पासून लागू झाला होता. २०१० मध्ये तिकडच्या तपासणीत भारतीय द्राक्षांत सीसीसी सापडले आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले.

मग इकडच्या प्रयोगशाळेने पास कसे केले? उर्वरित अंश शोधण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात एकाच चाचणीत कितीतरी औषधे एकदम शोधता येतात. सीसीसी त्या पद्धतीत पकडले जात नाही. ते पाण्यात चटकन विरघळणारे, विद्युतभार असलेले रसायन आहे, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. आणि त्या वर्षी निर्यातीच्या द्राक्षांत जी औषधे तपासायची त्यांच्या यादीत सीसीसी नव्हतेच. प्रयोगशाळेने खोटे लिहिले नव्हते. तिला जे विचारले होते, त्याचे उत्तर तिने बरोबर दिले होते.

दादाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला इथे मिळाले. ही बातमी जाळ्याच्या एका टोकाला होती आणि ती दुसऱ्या टोकापर्यंत पोचली नाही. युरोपात काय तपासले जाऊ शकते हे तिकडच्या आयातदाराला कळू शकत होते. वेलीवर काय फवारले जाते हे इकडच्या दुकानदाराला आणि सल्लागाराला माहीत होते. या दोन माहित्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. नुकसान मात्र जो सगळ्यांत कमी जाणत होता त्याच्या पदरात पडले.

दुकानदारांनी केलेले नियम

परदेशात माल पाठवायचा तर सरकारचे नियम पाळावे लागतात, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. पुढे कळले की सरकारच्या नियमांवर दुकानांच्या नियमांचा आणखी एक थर असतो.

१९९७ मध्ये युरोपातल्या मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी एकत्र येऊन ‘युरेपगॅप’ ही पद्धत सुरू केली. त्या काळात युरोपातल्या ग्राहकाचा अन्नावरचा विश्वास डळमळला होता. वेड्या गायींच्या रोगाचे प्रकरण नुकतेच घडलेले होते. प्रत्येक दुकानाने आपापली माणसे शेतावर पाठवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच प्रश्नावली करावी आणि तपासणीचे काम स्वतंत्र संस्थांना द्यावे, असा तो विचार होता. कोणते औषध कधी फवारले, किती दिवस थांबून तोडणी केली, औषधाचे रिकामे डबे कुठे टाकले, मजुरांना हात धुण्याची सोय आहे का, हे सारे लिहून ठेवायचे. २००७ मध्ये याच पद्धतीचे नाव ‘ग्लोबलगॅप’ झाले. कायद्याने ती कुणावरही सक्तीची नाही. पण मोठी दुकाने प्रमाणपत्राशिवाय माल घेत नसतील तर ‘ऐच्छिक’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

स्पर्धक दुकाने एकत्र आली, हा यातला महत्त्वाचा भाग आहे. एकट्या दुकानाने अट घातली असती तर शेतकरी दुसऱ्याकडे गेला असता आणि अट घालणारे दुकान महाग पडले असते. सगळ्यांनी एकच अट घातल्यावर पळवाट राहिली नाही. व्यापाऱ्यांचे जाळे नियमांना बळ देते ते असे.

आपल्याकडेही जाळे विणले जात होते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६१ पासून आहे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही निर्यातीसाठीची भागीदारी उभी केली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे जादा अंश सापडले. त्या धक्क्यानंतर अपेडाने निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना सुरू केली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आणली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळाला. नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन स्वतः घ्यायचा असे ठरले. नमुना नापास झाला तर व्यवस्थेत इशारा लागतो आणि त्या प्लॉटचा माल जहाजावर चढू शकत नाही. रॉटरडॅमच्या गोदामातली पेटी कोणत्या गावातल्या कोणत्या प्लॉटची आहे हे तिकडे बसून कळते.

म्हणजे २००३ च्या फटक्यातून आपण शिकलो होतो. २०१० चा फटका यादीच्या मर्यादेमुळे बसला. पेटी कुठून आली हे व्यवस्थेला ठाऊक होते, पण पेटीत काय शोधायचे हे तिला कुणी सांगितले नव्हते. पुढच्या हंगामापासून सीसीसीची तपासणी सुरू झाली आणि निर्यातीच्या बागांतून त्याचा वापर बंद करायला सांगण्यात आले.

शेजाऱ्याची फवारणी

दोन एकरवाल्या शेतकऱ्याला ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र एकट्याने घेणे परवडत नाही. तपासणीचा खर्च, औषधांची खोली, नोंदी, सगळेच जड जाते. म्हणून गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. गटाने स्वतःची अंतर्गत तपासणी यंत्रणा ठेवायची आणि दरवर्षी प्रत्येक सभासदाची बाग पाहायची. बाहेरची संस्था मग सगळ्यांच्या बागा न पाहता सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा तपासते. शंभर सभासद असतील तर दहा बागा.

हा वर्गमुळाचा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ढिला वाटला. गटाच्या दोन-तीन बैठकांना बसल्यावर त्याचे मर्म कळले. बाहेरचा तपासनीस कोणत्या दहांकडे जाईल हे गटाला आधी ठरवता येत नाही. त्या दहांत एकाने घोळ घातलेला सापडला तर प्रमाणपत्र सगळ्यांचेच अडचणीत येते. त्यामुळे शेजारी काय फवारतो हा प्रत्येकाच्या काळजीचा विषय होतो. ज्या गावात ‘त्याच्या शेतात तो, माझ्या शेतात मी’ असे चालत आले, तिथे माणसे एकमेकांच्या वह्या तपासू लागली. एका बैठकीत एका तरुण शेतकऱ्याला बाकीच्यांनी असे फैलावर घेतले की मला वाटले आता हाणामारी होते. त्याने शेवटची फवारणी आणि तोडणी यांत जेवढे दिवस ठेवायला हवे होते तेवढे ठेवले नव्हते. शेवटी त्याची बाग त्या वर्षीच्या निर्यातीतून काढली. तो रुसला, पण पुढच्या वर्षी परत आला.

सरकारी निरीक्षकाला हे जमले नसते. तो वर्षातून एकदा येणार. शेजारी रोज बांधावर असतो.

गटाचे दुसरे बळ म्हणजे माहिती आणि खर्च वाटून घेणे. प्रीकूलिंगची खोली, पॅकहाऊस, प्रशिक्षित तपासनीस हे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते. देवेश रॉय आणि अमित थोरात यांनी महाग्रेप्सचा अभ्यास करून २००८ मध्ये असे दाखवले की या व्यवस्थेतून निर्यात करणाऱ्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा चांगले होते आणि लहान शेतकरी त्यातून वगळला गेला नव्हता. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. २०२२ मध्ये तिच्यात युरोपातल्या चार गुंतवणूकदार संस्थांनी मिळून ३१० कोटी रुपये गुंतवले. जिथून एकेकाळी फक्त नकार यायचा तिथून भांडवल आले. जाळ्यातली आपली जागा बदलू शकते, याचे हे उदाहरण मी नेहमी देते.

कडक अट आणि तिची किंमत

इथवर वाचून जाळे म्हणजे चांगलेच असा समज होईल. तो मला होऊ द्यायचा नाही.

जर्मनीत २००० च्या दशकात ग्रीनपीससारख्या संघटनांनी सुपरमार्केटांतली फळे तपासून निकाल जाहीर केले. अब्रू वाचवण्यासाठी काही मोठ्या साखळ्यांनी कायद्याहून कडक अटी घातल्या. औषधाचा अंश कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि एका नमुन्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त औषधांचे अंश नकोत. ग्राहकाला हे ऐकायला बरे वाटते. पण बागेत काय होते ते पाहा. केवडा, भुरी यांसारख्या बुरशीजन्य रोगांवर तेच तेच औषध मारत राहिले तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. म्हणून वेगवेगळ्या गटांतली औषधे आलटून पालटून वापरावीत असे शास्त्र सांगते. अंशांची संख्या कमी ठेवायची तर शेतकरी नेमके उलटे करायला बघतो, मोजक्याच औषधांवर भागवतो. अशा अटीने या वर्षीची पेटी स्वच्छ होते आणि पुढच्या वर्षीचा रोग हट्टी होतो. अट करणाऱ्या खोलीत बाग पाहिलेला माणूस नसला की असे घडते.

दुसरा प्रश्न पैशाचा. अट वरून खाली येते आणि तिचा खर्चही खालीच येऊन थांबतो. तपासणीची फी, नोंदी ठेवणारा माणूस, नापास झालेला माल, हे सगळे शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या गटाच्या खात्यावर पडते. बरीच निर्यात विक्रीनंतर हिशेब या पद्धतीने होते. माल दुकानात जाईपर्यंत दर पक्का नसतो आणि वाटेतली जोखीम बागायतदाराची असते. काही खरेदीदार किमान दराची हमी देतात, पण ती सगळ्यांना मिळत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. भाडे वाढले, प्रवासाचे दिवस वाढले. त्या वाढीव खर्चाचा किती वाटा दुकानाने उचलला, असे मी अनेकांना विचारले. लोक हसले.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली. देशात पिकणाऱ्या द्राक्षांचा हा साधारण दहावा भाग. त्यातलीही सगळी काही युरोपला जात नाहीत, बांगलादेश आणि आखाती देश हेही मोठे गिऱ्हाईक आहेत. उरलेली आपण खातो. देशातही अन्नातल्या अंशांच्या मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत, पण बाजार समितीत आलेल्या जाळीवर प्लॉटचा क्रमांक नसतो आणि तिच्यामागे जबाबदारीचे जाळेही नसते. कायदा आणि त्याला धरून ठेवणारी माणसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला द्राक्षांनी शिकवले.

जे मोजले जात नाही

जाळे जे मोजते त्याला जपते. जे मोजत नाही ते त्याच्या भोकांतून खाली पडते. द्राक्षाच्या बाबतीत अशा दोन गोष्टी मला ठळक दिसल्या, मजूर आणि पाणी.

डिपिंग, विरळणी, तोडणी ही कामे बहुतेक बाया करतात. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून त्या हंगामात येतात. ग्लोबलगॅपच्या नियमांत फवारणीनंतर किती वेळ बागेत जायचे नाही याची अट आहे. दादाच्या गटातल्या बागांवर तसे फलकही लावलेले आहेत. एकदा सुरगाण्याच्या एका बाईला मी विचारले, ‘‘त्या पाटीवर काय लिहिलंय?’’ ती म्हणाली, ‘‘आम्हाला वाचता येत नाही, बाई. मुकादम म्हणेल तेव्हा आत जायचं.’’ तपासनिसाच्या यादीत फलक असल्याची खूण झालेली होती. मजुरांच्या स्थितीसाठी ग्लोबलगॅपची वेगळी जोडतपासणी आहे, पण एका दिवसाची तपासणी टोळीच्या उचलीचा हिशेब कुठून पाहणार?

बांगलादेशाने याचे कठोर उदाहरण जगाला दाखवले. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. तिच्यातल्या कारखान्यांतून पाश्चात्त्य ब्रँडांचे कपडे शिवले जात होते आणि तिथे सामाजिक तपासण्याही झालेल्या होत्या. त्यानंतर झालेल्या करारात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. ब्रँडांवर तो कायद्याने बंधनकारक होता आणि त्यावर कामगार संघटनांची सही होती. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले आणि कारखान्यांच्या इमारती, वीज, आगीपासूनची सुरक्षा यांत खरी सुधारणा झाली. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो स्वतः जाळ्यात सही करणारा असेल तर तपासणीचे रूप बदलते. द्राक्षाच्या जाळ्यात सुरगाण्याच्या बाईची सही कुठेच नाही.

जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे मानवी हक्क पाळले जातात की नाही याची दखल घेण्याचा कायदा लागू झाला. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये तशा स्वरूपाचा निर्देश मंजूर केला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. या कायद्यांचा कागद दिंडोरी-निफाडपर्यंत येईल यात शंका नाही. त्याच्याबरोबर जास्तीचा दर येईल की फक्त जास्तीची प्रश्नावली, हे पाहायचे आहे.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. युरोपच्या प्रयोगशाळेला द्राक्षात किलोमागे मिलिग्रॅमचा विसावा भाग सापडतो. पण ते द्राक्ष किती खोल बोअरच्या पाण्यावर वाढले हे त्याच्या रसात सापडत नाही. ठिबकने पाणी वाचते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावले तर भूजलाला काय मिळाले? ग्लोबलगॅपमध्ये सिंचन आणि भूजलासाठीही जोडतपासणी आहे. ती खरेदीदाराने मागितली तरच होते.

इथे मला परदेशी जाळ्यापेक्षा आपल्याच मातीतले एक जाळे जास्त शिकवून गेले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन हे काम केले. पाणी मोजून घ्यायचे, मोजून पैसे भरायचे, शेपटाच्या शेतकऱ्यालाही वाटा मिळाला पाहिजे. ओझरला बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरींना पाझर मिळवून दिला, कारण द्राक्षाला पाणी कालव्याच्या पाळीने देऊन चालत नाही, विहिरीतून हवे तेव्हा लागते. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती आले. कुठल्याही सुपरमार्केटने हे मागितले नव्हते. धरण एकच आहे आणि त्यावर सगळ्यांची बाग आहे, एवढे पटल्यावर माणसांनी ते केले.

म्हणून माझ्या वह्यांतून निघालेला निष्कर्ष असा. बाहेरचे जाळे शिस्त आणू शकते, पण खरेदीदाराला ज्याची भीती वाटते तेवढ्यापुरतीच. त्याला अंशाची भीती वाटते, म्हणून अंश आटोक्यात आले. आपल्या विहिरीची भीती आपल्यालाच वाटायला हवी आणि तिच्यासाठीचे जाळे आपल्यालाच विणावे लागेल. दोन्ही जाळी एकमेकांना जोडली गेली तर उत्तम, कारण शिस्तीची सवय एका कामातून दुसऱ्या कामात नेता येते.

वहीतला रकाना

दादाने २०१० नंतर तीन वर्षे निर्यातीचे नाव काढले नाही. माल जागेवर व्यापाऱ्याला देऊन टाकायचा. नंतर गावातल्या गटात गेला, तो मुख्यतः पुतण्याच्या आग्रहाने. आता कोणतेही नवे औषध आले की तो आधी गटाच्या तपासनिसाला विचारतो आणि मग दुकानात जातो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला एकदा सविस्तर सांगितले. ऐकून म्हणाला, ‘‘म्हणजे चूक कुणाचीच नव्हती आणि पैसे मात्र माझेच गेले.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. राहिलेले पैसे त्याला शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत मी एक सूचना केली. फवारणीच्या नोंदवहीत सगळे रोज लिहितातच, तर तिथेच महिन्यातून एकदा विहिरीतल्या पाण्याची पातळी लिहायचा एक रकाना ठेवावा. दोर टाकायचा, फूट मोजायचे. खर्च काही नाही. एकाने विचारले, ‘‘हे तपासायला येणार कोण?’’ मी म्हटले, ‘‘कुणीच नाही.’’ ‘‘मग कशाला?’’ असे म्हणून विषय संपला.

दादाने घरी येऊन वहीत पट्टीने रेघ ओढली आणि वर ‘विहीर’ असे लिहिले. त्या वर्षी गटातल्या पाच जणांनी पातळी लिहिली, गेल्या वर्षी अकरा जणांनी. मार्चमध्ये दोन शेजारच्या विहिरींच्या आकड्यांत फार तफावत दिसली, तेव्हा गटात पहिल्यांदा बोअर किती खोल न्यायचे यावर भांडण झाले. पुढच्या बैठकीला सुरगाण्याच्या टोळीतल्या दोघींना बोलवावे, पाटीवरचे नियम त्यांना तोंडी सांगावेत आणि उचलीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचावा, असे मी सुचवले आहे. अध्यक्षांनी अजून होकार दिलेला नाही. वहिनी म्हणाल्या, ‘‘त्यांना मीच घेऊन येते, मग बघू कोण नाही म्हणतं.’’